खाली सही करणारी

सॉलोमनकाका अष्टमकरांना इंग्रजी कुणी शिकवलं नाही. त्यांनी ते हिसकावून घेतलं.

नागोठण्याच्या अलीकडे एक कारखाना होता. आता तिथे नुसती भिंत आहे आणि भिंतीवर रान. काका तिथे हेल्पर होते, नववी नापास. त्यांच्याच खात्यात जनू नावाचा गडब गावचा शेतकरी माणूस होता. एका आषाढात जनू लावणीसाठी आठ दिवसांची रजा मागायला ऑफिसात गेला. अर्ज टाइप करून तयारच आहे, सही कर, असं त्याला सांगण्यात आलं. त्याने सही केली, भात लावलं आणि नखांत चिखल घेऊन परत गेटवर आला, तर वॉचमन आत सोडेना. सही केलेला कागद राजीनाम्याचा होता. इंग्रजीत. तीनशे कामगारांत तो वाचू शकेल असा एक माणूस नव्हता.

काका दुसऱ्या दिवशी पेणला जाऊन रद्दीवाल्याकडून पुठ्ठा निघालेला शब्दकोश घेऊन आले आणि पहिला धडा म्हणून जनूचा राजीनामाच पुढ्यात घेतला. त्या एका पानाला अकरा दिवस लागले. जनूची नोकरी गेली ती गेलीच. पण पुढची वीस वर्षं काकांनी वाचल्याशिवाय त्या कारखान्यात एकाही इंग्रजी कागदावर कामगाराची सही पडली नाही.

म्हणून काकांचं इंग्रजी हे भांडणाचं इंग्रजी. ले ऑफ, लॉक आउट, वॉक आउट, कॉल ऑफ, होल्ड आउट, बॅक डाउन. एखाद्या साध्यासुध्या क्रियापदाच्या मागे आउट, ऑफ, डाउन असलं काहीतरी बांधलं की त्याचा स्वभावच पालटतो, हे त्यांना पुस्तकाने नाही, गेटने शिकवलं. खात्यातली पोरं इंग्रजीला घाबरली की ते म्हणत, आपण मराठीत नाय का करत? देणं वेगळं, देऊन टाकणं वेगळं, देऊन बसणं वेगळं. तसंच ते. ह्यात इंग्रजांचं काय मोठेपण नाय.

त्यांचे नियम दोन. पहिला, कुठलाही कागद द्यायचा तर दोन प्रतींत. एक समोरच्याच्या हातात, दुसरी आपली ओसी, म्हणजे ऑफिस कॉपी, आणि त्या ओसीवर ‘मिळाले’ म्हणून समोरच्याची सही घेतल्याशिवाय जागचं हलायचं नाही. दुसरा, स्वतःची केस स्वतः मांडायची नाही. स्वतःची केस मांडताना माणूस एक तर भडकतो, नाहीतर रडतो, आणि दोन्हीत केस जाते. आपली बाजू दुसऱ्याने मांडायची, दुसऱ्याची आपण.

कारखाना बंद पडला, युनियन विरघळली. काका रोह्याला, नदीपलीकडे अष्टमीत, आपल्या घरी राहिले. दाराच्या चौकटीला उजवीकडे मेझुझा, ज्यू घराच्या दारावर असते ती प्रार्थनेची डबी, आत एस्थरकाकूंचा फोटो. त्यांच्या आळीत एकेकाळी शुक्रवारी दिवेलागणीला सात ज्यू घरांत प्रार्थनेच्या बत्त्या लागायच्या, आता ह्या एकाच घरात लागते, तीही काका विसरले नाहीत तर. काकू जाऊन नऊ वर्षं झाली. एकुलता एक मुलगा डॅनियल बायकोला घेऊन सात वर्षांपूर्वी इस्राएलला गेला. त्याला पोचवायला काका रोह्याच्या स्टेशनवर गेले होते. डॅनियल त्यांना म्हणाला की बाबा, तुम्ही साऱ्या तालुक्याच्या केसेस लढलात, आईच्या आजारपणाची एक तेवढी नाय लढलात. काकांचं डोकं फिरलं. ते प्लॅटफॉर्मवर, चार लोकांत, त्याला ‘फुटीर’ म्हणाले. संप मोडून मागच्या दाराने कामावर जाणाऱ्याला म्हणतात तो शब्द. काकांच्या कोशात त्यापेक्षा घाण शिवी नव्हती.

तीन महिन्यांनी डॅनियलचं पत्र आलं. तुम्ही इकडे या, असं. काकांनी पत्रावर आवक क्रमांक घातला, चौदा, तारीख घातली आणि फाइलला लावलं. जावक काही झाली नाही. डॅनियल मग सणासुदीला शेजारच्या गिरजाबाईंना फोन करून बाप बरा आहे ना ते विचारून घेई. काकांना ते ठाऊक होतं. फोन आला की ते मधल्या भिंतीपाशी खुर्ची ओढून पेपर वाचत बसत.

ह्या गिरजाबाई डबे देतात. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत नवा ड्रायर बसवायला चीनवरून माणसं आली, त्यांच्यात एक बाई होती, लिन शुफेन. वय चाळीस-एक्केचाळीस, समुद्रकाठच्या कुठल्याशा गावची, यंत्राचा हरेक नट ओळखणारी. तिला कंपनीच्या कँटीनचं जेवण मानवेना. गिरजाबाईंचं वालाचं बिरडं तिने पहिल्याच दिवशी डबा पुसून खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच डबा परत करायला आली. तिथे हातवारे करकरून तिने सांगितलं की तिला इंग्रजी शिकायचंय. गिरजाबाईंनी तिला हाताला धरून पलीकडच्या दारात उभी केली.

“ह्ये बघ गो, ह्या माणसाच्या विंग्रजीला कंपनीवाले टरकून होते. शिकून घे.”

काकांनी तिला आधी नीट विचारून घेतलं. यंत्राचं इंग्रजी तिला येत होतं. फोनमध्ये शब्दांच्या याद्याच होत्या. आनंदाला तीस शब्द, दुःखाला चाळीस, म्हणी, वाक्प्रचार, सगळं पाठ. अडचण वेगळीच होती. तिची मुलगी, एमिली, दहा वर्षांची. चार वर्षांची असताना नवरा-बायको वेगळे झाले आणि बाप मुलीला घेऊन कॅनडाला गेला. दर रविवारी सकाळी सातला आई फोन करी, तिकडे तेव्हा शनिवारची संध्याकाळ. पहिली दोन वर्षं मुलगी चिनी बोलली. मग अर्धं. मग एका रविवारी म्हणाली की मला तुझं कळत नाही. मुलीच्या तोंडी उरलेले चिनी शब्द आता खाण्याच्या पदार्थांपुरते होते.

“म्हणजे पोरीची भाषा शिकायचीय,” काका म्हणाले. लिनने त्यावर मान हलवली नाही. तिला तो शब्द लागला असावा. आपल्या पोरीची भाषा वेगळी आहे हे तिला कुणी असं तोंडावर सांगितलं नव्हतं.

शिकवणी सुरू झाली. काकांकडे पुस्तक नव्हतं आणि पुस्तकावर विश्वासही नव्हता. युनियनची जुनी खोली पेणला एका पोह्यांच्या गिरणीच्या माडीवर अजून काकांच्या ताब्यात होती. तिथे टाइपरायटर आणि कपाटभर फायली. दर दुसऱ्या रविवारी ते तिथे झाडलोट करायला जात, तेव्हा लिनलाही एसटीत घालून नेऊ लागले. एसटी हाच वर्ग. चढताना गेट ऑन, उतरताना गेट ऑफ, हायवेच्या खड्ड्यात होल्ड ऑन, शेजारच्या दोन पाट्या घेतलेल्या म्हातारीला मूव्ह अप. म्हातारीने इंग्रजी न कळता मांडी सावरून जागा केली, तेव्हा लिन पहिल्यांदा मोकळी हसली. गडबच्या थांब्यावर काका दरवेळी खिडकीतून बाहेर बघत आणि तेवढा वेळ शिकवणं बंद असे. का, ते तिने विचारलं नाही. तिसऱ्या खेपेला काकांनीच जनूची हकिगत सांगितली. दोन्ही नियमही सांगितले.

तिच्या याद्यांशी मात्र त्यांचं रोज भांडण. एकाच अर्थाचे तीस शब्द नसतात, ते म्हणत. तीस शब्द म्हणजे तीस वेगळ्या जागा. तुला ज्या जागेवर उभं राहायचंय तेवढाच शब्द घे, बाकीचे खाली ठेव. लिनला हे पटायचं नाही. तिच्याकडे शाळेपासून शब्द पाठ करण्याचीच रीत होती, आणि जितके जास्त शब्द तितकी मुलगी जवळ येईल असा तिचा हिशोब. काका तापले की ती गप्प बसून वहीत लिहायची आणि दुसऱ्या दिवशी आणखी दहा शब्द पाठ करून यायची. तीही कमी हट्टी नव्हती. त्यांना ‘लाओशी’ म्हणवून घ्यायला आवडतं हे तिने ओळखलं होतं. त्यांच्याकडे मास्तरांना म्हणतात ते.

पौषातल्या एका रविवारी ती सकाळी साडेसातलाच दारात आली. हातात फोन, चेहरा कोरा. काकांनी चहा टाकला. तिने सांगितलं ते असं. मुलीला शाळेत बक्षीस मिळालं होतं. आईने आठवडाभर तयारी केली होती. मुलीने सांगताच ती म्हणाली, मला आनंद झाला, मला हर्ष झाला, मी प्रसन्न आहे, मी चंद्रावर आहे, मी नवव्या ढगावर आहे. सगळंच्या सगळं, एका दमात. पलीकडे आधी हसू आलं. मग मुलगी म्हणाली की आई, तू मशीनसारखं बोलतेस. मला दर रविवारी असं नको. पुढच्या महिन्यापासून नाही केला फोन तर चालेल का? तिकडून बापाने काहीतरी दटावलं आणि फोन बंद झाला.

“तू काय म्हणालीस?” काकांनी विचारलं.

“ओके म्हणाले,” लिन म्हणाली. “तेवढंच आठवलं.”

हातात तीन रविवार होते. त्यानंतर तिच्या आठवड्यातून फोनची ती पंधरा मिनिटंही जाणार होती.

काका उठले. त्यांनी खुंटीवरचा सदरा घातला आणि युनियनच्या खोलीची किल्ली खिशात टाकली. अन्याय झालाय, तर कागद करायचा. लिन म्हणाली, ती कंपनी नाही, माझी मुलगी आहे. काका म्हणाले, कंपनीला निदान माया नसते, म्हणून सोपं जातं, इथे तर कागद जास्तच पाहिजे.

पेणच्या माडीवर खाली भट्टीत पोहे भाजल्याचा वास भरून राहिला होता. काकांनी मशीनवर दोन कागद आणि मधे कार्बन चढवला.

“बोल. मागण्या काय?”

लिनला लग्नात, घटस्फोटात, कोर्टात, नोकरीत कुणीही हा प्रश्न विचारला नव्हता. ती इंग्रजीत सुरू झाली, अडली, मग चिनीत बोलत सुटली. डोळे भरले, आवाज चढला. काका मधे पडले नाहीत. एक अक्षर कळत नसताना दहा मिनिटं ऐकलं. मग म्हणाले, बघ, म्हणून स्वतःची केस स्वतः मांडायची नाय. आता हळू सांग, मी मांडतो.

इंग्रजीतून झालेलं ते मागणीपत्र मराठीत साधारण असं होतं. प्रति, कुमारी एमिली. विषय, रविवारचा फोन. मागणी एक, फोन वीस मिनिटांच्या आत ठेवू नये. मागणी दोन, आईचं इंग्रजी चुकल्यास हसण्याची मुभा राहील, फोन ठेवण्याची राहणार नाही. मागणी तीन, दर रविवारी आईकडून एक चिनी शब्द घ्यावा. मागणी चार लिनने घालायला लावली. वरचा एक दात गेल्या महिन्यात पडला होता, त्या जागी नवा आला का ते दाखवावं.

इथपर्यंत काकांचं मशीन टकटकत सरळ चाललं. मग लिन म्हणाली, मला तिची आठवण येते, ते घाला. आणि काका अडले. चाळीस वर्षांचं इंग्रजी, त्यात हा शब्द कधी लागलाच नव्हता. त्यांच्याकडे ‘मिसिंग’ होतं, ते हरवलेल्या पान्यांसाठी. ‘अ‍ॅबसेंट’ होतं, ते हजेरीपुस्तकासाठी. लिनने आपली यादी उघडून पुढे केली. झुरणे, तळमळणे, व्याकूळ होणे, एकाखाली एक. काकांनी यादी वाचली आणि फोन उलटा ठेवला. बराच वेळ खिडकीतून खालची पोह्यांची पोती मोजल्यासारखं करत राहिले. मग मशीनवर बोटं ठेवली आणि त्यांना येत होतं तेच लिहिलं.

‘खाली सही करणारी गेली सहा वर्षं एमिलीविना आहे.’

लिनने ते वाचलं. पुन्हा वाचलं. यादीतला एकही शब्द तिने त्यात घालायला सांगितला नाही. ओसीच्या तळाला काकांनी ठिपक्यांची रेघ ओढून ‘मिळाले’ असं टाइप केलं, आणि दोन्ही पानांचे फोटो कॅनडाला गेले.

पहिला रविवार कोरा गेला. लिनने सातला फोन हातात धरला आणि साडेसातला ठेवला. आपण करायचा नाही, काकांनी बजावलं होतं, कागद दिलाय ना, आता त्यांना विचार करू दे. पण त्या आठवड्यात ते स्वतःच रोज संध्याकाळी डब्याच्या वेळेला गिरजाबाईंच्या ओट्यावर येऊन उभे राहत आणि काही आलं का, असं न विचारता विचारत. गिरजाबाई म्हणाल्या की सॉलोमनदादा, पोर तिची का तुमची? काका भडकून घरात गेले.

दुसऱ्या रविवारी सातला पाच मिनिटं असताना फोटो आला. ओसीची छापील प्रत काढून मुलीने ठिपक्यांवर सही केली होती, गोल गोल अक्षरात, आणि शिक्का म्हणून एक हिरव्या बेडकाचं स्टिकर चिकटवलं होतं. खाली व्यवस्थापनाचं उत्तर. मागणी एक, वीस मिनिटं नामंजूर, पंधरा मंजूर, परीक्षेनंतर बोलू. मागणी दोन मंजूर. मागणी तीन मंजूर, पण आईनेही माझा एक शब्द घेतला पाहिजे आणि तो कोशातला नसेल. मागणी चार, फोटो जोडला आहे. फोटोत नुसतं तोंड होतं, आ वासलेलं, आणि हिरडीतून वर आलेला करवतीच्या कडेसारखा अर्धा दात. शेवटच्या वाक्याबद्दल तिने काही लिहिलं नव्हतं. फक्त त्याच्याखाली पेन्सिलने एक रेघ ओढली होती.

काकांनी बेडकाच्या शिक्क्याकडे चष्मा वर करून पाहिलं. असला शिक्का आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. “कायदेशीर आहे,” ते म्हणाले.

त्यानंतर फोन सुरू राहिले. कधी पंधरा मिनिटं, कधी चाळीस. लिन आता एका वेळी एकच शब्द वापरायची, आणि अडली की काकांना आठवून, जे खरं असेल ते हजेरीपुस्तकासारखं सांगायची. ती फोन गिरजाबाईंकडे बसून करी आणि काका ओट्यावर बसून भिंतीपलीकडून ते ऐकत. पोरीचा आवाज फोनमधून बारीक यायचा. तेवढ्या वेळात त्यांचा पेपर एकाच पानावर असायचा.

चैत्रात ड्रायर चालू झाला आणि लिनचा परतीचा दिवस ठरला. शेवटच्या रविवारी काकांचा गुडघा सुजला होता, तर पेणची खोली मी झाडून येते म्हणून तिने किल्ली मागून घेतली. एकटी गेली, एकटी आली. दुपारी काकांपुढे तिने दोन कागद ठेवले. एक वरचा, एक कार्बनचा.

काका वाचू लागले. प्रति, श्री. डॅनियल अष्टमकर. संदर्भ, आपले पत्र, आवक क्रमांक चौदा. विषय, सात वर्षं. एक, उत्तरास उशीर झाला, खेद आहे. दोन, श्री. सॉलोमन अष्टमकर कुणापुढे वाकत नाहीत. तीन, स्टेशनवर वापरलेला एक शब्द श्री. अष्टमकर परत घेतात. चार, आपण फोन गिरजाबाईंना करता, तो ह्यापुढे थेट वडिलांना करावा. आणि शेवटी तेच वाक्य, नाव आणि आकडा तेवढा बदललेला.

काकांचे कान तापले. पेणच्या कपाटातल्या फाइलला हात लावायला हिला कुणी सांगितलं? स्टेशनवरचं कुणी सांगितलं? भिंतीपलीकडे गिरजाबाईंच्या भांड्यांचा आवाज एकदम थांबला, त्यावरून कुणी ते कळलं.

“वाकत नाय आणि शब्द परत घेतो, ही दोन वाक्यं एका कागदावर उभी राहत नाहीत,” ते म्हणाले. “कंपनी हसेल.”

“हसायची मुभा आहे,” लिन म्हणाली. “फोन ठेवायची नाही.”

“मी तुला हे मांडायला सांगितलं नव्हतं.”

“स्वतःची केस स्वतः मांडायची नाही, लाओशी.”

काकांनी कागद खाली ठेवला, उचलला. चौकटीकडे, मेझुझाकडे, मग एस्थरकाकूंच्या फोटोकडे बघितलं. तिसऱ्या कलमावर त्यांचा अंगठा कितीतरी वेळ होता. खोडायचं असतं तर लाल पेन खिशातच होतं. स्टेशनवर त्या दिवशी गाडी सुटल्यावर ते शेवटचा डबा वळणाआड जाईपर्यंत उभे होते. तो शब्द तोंडात तसाच होता, थुंकताही येईना, गिळताही येईना. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. हिलाही नाही.

“खाली सही करणारा,” त्यांनी मोठ्याने वाचलं. पुढचं मनातच वाचलं.

मग सही केली. पूर्ण नाव, जशी युनियनच्या कागदावर करत तशी.

सोमवारी दोघं वरचा कागद पाकिटात घालून रोह्याच्या पोस्टात गेले. फोटो काढून पाठवू या, असं लिन म्हणत होती. काका म्हणाले, नको, पोराला पाकिटातूनच काढू दे, माझ्या हातचा पत्ता दिसू दे. बुधवारी ती गेली. जाताना तिने गिरजाबाईंना मिठी मारली आणि काकांना वाकून नमस्कार केला, तो कुणी शिकवला होता कोण जाणे. काका तिला म्हणाले, होल्ड ऑन. ते तिला कळलं.

आता काकांच्या टेबलावर फाइल उघडी असते, जावक क्रमांक एक. त्यात ती ओसी, आणि तळाला ‘मिळाले’ ह्या शब्दापुढे ठिपके. गिरजाबाई रोज डबा घेऊन येतात तेव्हा टेबलावर जागा नसते. परवा त्या म्हणाल्या की दादा, ह्ये उचला, कपाटात टाका, पानावर आमटी सांडंल.

“राहू दे,” काका म्हणाले, आणि डबा मांडीवर घेतला. “सही यायची हाय.”